एफ वॉर्डाचा पट

शाळेच्या हजेरीपुस्तकात जितक्या मुलांची नावे, तितका त्या शाळेचा पट. महापालिकेच्या शाळेचे बरेवाईट या एका आकड्यावर ठरते. पट पाहून शिक्षक मंजूर होतात. पट घसरला की तुकडी जाते, तुकडी गेली की शिक्षक ‘अतिरिक्त’ ठरून दुसऱ्या वॉर्डात समायोजनासाठी जातो, आणि दोन-चार वर्षे असेच चालले की शाळा शेजारच्या शाळेत विलीन होते. शिक्षणाची धोरणे गुणवत्ता, समता, मातृभाषा अशा शब्दांत लिहिली जातात. मुख्याध्यापकाच्या टेबलावर मात्र ती पटाच्या हिशेबानेच येतात. मुंबईत हे सगळ्यात लख्ख दिसते ते जुन्या एफ वॉर्डाच्या दक्षिण भागात, म्हणजे परळ, लालबाग, काळाचौकी, शिवडी आणि कॉटन ग्रीन या पट्ट्यात. मुलाने शाळेत आलेच पाहिजे, असा कायदा या शहरात प्रथम इथे आणि शेजारच्या जी वॉर्डात लागू झाला. आज त्याच पट्ट्यात मूल आपल्याच शाळेत यावे म्हणून महापालिकेला आर्जवे करावी लागतात.

कॉटन ग्रीन या नावालाही एक प्रवास आहे. कापसाच्या गाठी उतरवण्याचे हे मैदान आधी किल्ल्यात होते, १८४४ मध्ये ते कुलाब्याला गेले आणि १९२०च्या दशकात पोर्ट ट्रस्टने शिवडीच्या बाजूला वखारी बांधल्यावर कापसाबरोबर नावही इकडे आले. हार्बर लाइनचे स्टेशन, कापूस बाजाराची भव्य इमारत, वखारींच्या रांगा आणि पश्चिमेला गिरण्यांची धुराडी असा हा मुलूख. वस्ती गिरणी कामगारांची, गोदीतल्या माथाड्यांची आणि त्यांच्या मुलाबाळांची.

सक्तीच्या शिक्षणाची मागणी या वस्तीतून आली नव्हती, पण तिच्यासाठीच झाली होती. जोतीराव फुले यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात प्राथमिक शिक्षण निदान बाराव्या वर्षापर्यंत सक्तीचे करावे, असे मांडले. शेतकऱ्याच्या घामाचा पैसा वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर खर्च होतो, ही त्यांची मुख्य तक्रार. बडोद्यात सयाजीरावांनी १८९३ मध्ये अमरेली भागात सक्ती सुरू केली आणि १९०६ मध्ये ती संस्थानभर नेली. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ मध्ये सक्तीचा आणि मोफत शिक्षणाचा कायदा केला. ब्रिटिश मुलखात गोपाळ कृष्ण गोखले यांचे विधेयक मार्च १९१२ मध्ये १३ विरुद्ध ३८ मतांनी पडले. ते काही जहाल विधेयक नव्हते. स्थानिक संस्थेला वाटले तर तिने आपल्या हद्दीत सक्ती करावी, एवढीच मुभा त्यात होती. विठ्ठलभाई पटेल यांनी १९१८ मध्ये मुंबई कायदेमंडळात तीच मुभा कायद्यात बसवून घेतली, मात्र तो कायदा जिल्हा नगरपालिकांपुरता होता. मुंबई शहरासाठी १९२० चा वेगळा कायदा करावा लागला आणि त्याखाली १९२५ मध्ये एफ आणि जी या दोन वॉर्डांत सक्ती आली.

हेच दोन वॉर्ड का? गिरण्या तिथे होत्या आणि शाळेबाहेरची मुलेही तिथेच. कारखान्यांच्या कायद्याने मुलांचे कामाचे वय हळूहळू वर सरकत होते: १८८१ मध्ये सात वर्षे, १८९१ मध्ये नऊ, १९२२ मध्ये बारा. कमी तास काम करणाऱ्या पोरांना गिरणीत ‘हाफ टाइमर’ म्हणत. बाराच्या आतले मूल गिरणीतून बाहेर पडले, पण ते शाळेत गेले असे मात्र झाले नाही. सकाळच्या पाळीला गेलेल्या बापाचा डबा पोचवायचा, आई गिरणीत असेल तर धाकट्याला सांभाळायचे, लावणी-कापणीला आईबरोबर कोकणात किंवा घाटावर जायचे, अशी कामे त्याला होतीच. कायद्याने या मुलाचे नाव पटावर आणले. त्याला वर्गात आणून बसवणे ही वेगळीच मेहनत होती, आणि तिची किंमत घराला मोजावी लागे.

इथे एक विसंगती नोंदवायला हवी. सक्ती ठरवणाऱ्या महापालिकेत ज्यांच्यावर सक्ती होणार त्यांना मतच नव्हते. १९२२ च्या सुधारणेने मताधिकार महिना दहा रुपये भाडे भरणाऱ्यांपर्यंत खाली आला, पण चाळीतल्या एका खोलीचे भाडे बहुधा त्याच्याही खाली असे. प्रौढ मताधिकाराने महापालिकेची पहिली निवडणूक झाली ती १९४८ मध्ये. तोवर गिरणगावाच्या शिक्षणाचा कारभार घरमालक, व्यापारी आणि पदवीधर यांच्या सभागृहातून चालला. म्हणून या भागातली शिक्षणाची खरी हालचाल सभागृहाबाहेर शोधावी लागते. ना. म. जोशी यांनी १९११ मध्ये स्थापन केलेल्या सोशल सर्व्हिस लीगने कामगारांसाठी रात्रीचे वर्ग आणि वाचनालये चालवली. परळच्या दामोदर हॉलमध्ये १९२४ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या बहिष्कृत हितकारिणी सभेचे कचेरीचे काम सुरू झाले. ते स्वतः तेव्हा परळच्याच बी.आय.टी. चाळीत राहत. त्याच्या आदल्या वर्षी, ४ ऑगस्ट १९२३ रोजी, सी. के. बोले यांच्या ठरावाने सरकारी पैशावर चालणाऱ्या विहिरी, धर्मशाळा आणि शाळा अस्पृश्यांना खुल्या झाल्या. ठराव झाला म्हणजे बाकावर शेजारी जागा मिळाली असे नव्हे. पण पटावर नाव लागणे हा हक्क आहे, ही कल्पना परळच्या चाळींत रुजली ती या काळात.

स्वातंत्र्यानंतरची तीन-साडेतीन दशके हा महापालिका शाळांचा भरभराटीचा काळ. एका इमारतीत दोन अधिवेशने, सकाळचे आणि दुपारचे. तळमजल्यावर मराठी शाळा क्रमांक एक, वर क्रमांक दोन, पलीकडच्या जिन्याने हिंदी किंवा उर्दू. मुंबई महापालिका मराठी, हिंदी, उर्दू, गुजराती, इंग्रजी, तमिळ, तेलुगू आणि कन्नड अशा आठ माध्यमांत प्राथमिक शाळा चालवते, आणि या यादीत गिरणगावाचाच इतिहास आहे. विणकाम करणारे तेलुगू पद्मशाली, उत्तरेतून आलेले हिंदी आणि उर्दू बोलणारे कामगार, कोकण-घाटावरचे मराठी गडी, या सगळ्यांसाठी ज्याच्या त्याच्या भाषेत शाळा निघाली. आपल्या खर्चाने इतक्या भाषा सांभाळणाऱ्या नगरसंस्था भारतात फार नसतील. हे पुण्यकर्म मात्र सहसा सातवीच्या उंबरठ्यावर थांबत असे. १८८८ च्या महापालिका कायद्याने प्राथमिक शिक्षण हे बंधनकारक कर्तव्य ठरवले, माध्यमिक शिक्षण ऐच्छिक. त्यामुळे सातवीनंतर मुलाला जागा शोधावी लागे ती परळच्या शिरोडकर, आर. एम. भट यांसारख्या खाजगी अनुदानित हायस्कुलांत. ज्याला ती मिळाली नाही त्याची शाळा सुटली, आणि त्याची नोंद कोणत्याच पटावर राहिली नाही.

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते, आणि तो रीतसर मागे कधी घेतलाच गेला नाही. शिक्षणाच्या इतिहासात या संपाची नोंद सहसा नसते. ती असायला हवी. कामगाराचे कुटुंब गावी परतले की शाळेचा दाखला निघतो. पुढे १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने आणि तिच्यातल्या २००१ च्या बदलाने गिरण्यांच्या जमिनी बांधकामाला मोकळ्या झाल्या, चाळींचा पुनर्विकास सुरू झाला, आणि माणसे विरार, दिवा, बदलापूरकडे सरकली. नव्या टॉवरमध्ये येणारे मूल महापालिकेच्या शाळेत जात नाही. अभ्युदय नगरसारख्या जुन्या वसाहतींतही मुलांची संख्या उतरत गेली. शाळा तीच, मास्तर तेच, पण आजूबाजूची वस्ती निघून गेली. महापालिकेच्या शाळांना ‘ओस पडल्या’ असे सरसकट म्हणणाऱ्यांनी हे आधी ध्यानात घ्यावे.

तरीही वस्ती उठणे हे अर्धेच कारण. उरलेले अर्धे इंग्रजी. सरकारी शाळेत इंग्रजी कितव्या इयत्तेपासून, हा महाराष्ट्रात सदैव राजकीय प्रश्न राहिला. बाळासाहेब खेर यांच्या सरकारने १९४८ मध्ये पाचवी ते सातवीचे इंग्रजी काढून ते आठवीवर नेले. नंतर ते पुन्हा पाचवीत आले. २००० मध्ये शिक्षणमंत्री रामकृष्ण मोरे यांनी ते पहिलीपासून आणले. मोरे यांच्यावर मराठीच्या कैवाऱ्यांनी टीकेची झोड उठवली. मोरे यांचा मुद्दा साधा होता: श्रीमंताचे मूल पहिलीपासून इंग्रजी शिकते, मग गरिबाच्याच मुलाने पाचवीपर्यंत का थांबायचे? टीकाकारांपैकी अनेकांची मुले इंग्रजी माध्यमात होती, हा या वादातला कायमचा उपसर्ग. पण पालकाला विषय म्हणून इंग्रजी पुरेसे वाटले नाही, त्याला माध्यम हवे होते. २०१४-१५ मध्ये मुंबई महापालिकेच्या मराठी शाळा ३६८ होत्या, २०२३-२४ मध्ये त्या २६२ उरल्या. मराठी माणसाच्या नावाने राजकारण करणाऱ्या पक्षाची महापालिकेवर सत्ता असतानाची ही बहुतेक घसरण आहे. त्या पक्षाने मराठी शाळा बंद करण्याचे धोरण आखले, असे म्हणणे मात्र चुकीचे ठरेल. त्याने पालकाच्या मागे जाण्याचे धोरण आखले.

हे मागे जाणे टप्प्याटप्प्याने झाले. आधी वस्तू आल्या: दप्तर, गणवेश, बूट, छत्री, डबा, वह्या धरून २७ शालेय वस्तू मोफत. २०१५ मध्ये आठवीच्या मुलांना टॅब मिळाले. सेमी इंग्रजी, म्हणजे मराठी शाळेतच गणित आणि विज्ञान इंग्रजीतून, हा मधला मार्ग निघाला. मग पाटी बदलली. महापालिकेच्या इंग्रजी शाळांना ‘मुंबई पब्लिक स्कूल’ म्हणत असत; २०२०च्या अखेरीस सगळ्याच शाळांना ते नाव द्यायचे ठरले. त्याच वर्षी जोगेश्वरीच्या पूनम नगरात सीबीएसई आणि माहीमच्या वूलन मिल शाळेत आयसीएसई मंडळाचे वर्ग निघाले, नंतर दादरच्या भवानी शंकर रोडसह आणखी दहा ठिकाणी सीबीएसई, माटुंग्याच्या एल. के. वाघजी शाळेत आयजीसीएसई आणि विलेपार्ल्याच्या दीक्षित रोडला आयबी. महापालिकेची शाळा आणि आयबी हे शब्द एका वाक्यात येतील, असे वीस वर्षांपूर्वी कोणाला सांगितले असते तर त्याने थट्टा समजून सोडून दिले असते. या वर्गांना प्रवेशासाठी सोडत काढावी लागली, हेही खरे. महापालिकेच्या शाळेला पालक नाक मुरडतो तो ती महापालिकेची आहे म्हणून, की तिथे त्याला हवे ते मिळत नाही म्हणून, या जुन्या प्रश्नाचे बरेचसे उत्तर त्या सोडतीत मिळाले. एका व्यवस्थेच्या पोटात त्यामुळे दोन थर झाले, ही त्या यशाची दुसरी बाजू.

खाजगी भागीदारीचा वाद याच्याआधीचा, आणि त्याचे ठाणे कॉटन ग्रीनच्या अगदी जवळ. आकांक्षा फाउंडेशन ही संस्था महापालिकेच्या इमारतींत महापालिकेबरोबर इंग्रजी माध्यमाच्या शाळा चालवते. अभ्युदय नगर, लालबागचा साईबाबा पथ आणि दादर पूर्वेची शिंदेवाडी या तिच्या मुंबई पब्लिक स्कूल आहेत. इमारत पालिकेची, शिक्षक आणि मुख्याध्यापक संस्थेचे, अशी ही रचना. २०१३ मध्ये पालिकेने अशा भागीदारीचे व्यापक धोरण आणले तेव्हा शिक्षक संघटना रस्त्यावर उतरल्या. त्यांचे म्हणणे, कर्तव्य कायद्याने पालिकेचे असताना ते संस्थांच्या गळ्यात कसे घालता येईल, आणि कायम शिक्षकांच्या जागा कोणाच्या होणार? संस्थांच्या बाजूचे उत्तर असे, की इमारत रिकामी राहण्यापेक्षा त्यात मुले शिकलेली बरी. दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे, आणि दोन्हींत सोयीस्कर मौनही आहे. संघटना पट का घसरला यावर फार बोलत नाहीत. भागीदारीचे समर्थक हा प्रयोग शेकडो शाळांपर्यंत कसा पसरायचा, देणगीदार थांबला तर काय, यावर बोलत नाहीत. राज्य सरकारने १८ सप्टेंबर २०२३ रोजी ‘दत्तक शाळा’ योजना काढली तेव्हा हेच भांडण राज्यभर नव्याने झाले.

आता संचमान्यतेचा, म्हणजे पटावरून शिक्षक मंजूर करण्याचा, हिशेब जवळून पाहू. शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या अनुसूचीप्रमाणे पहिली ते पाचवीच्या शाळेत ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक, ६१ ते ९० ला तीन, ९१ ते १२० ला चार, १२१ ते २०० ला पाच. पट १५० च्या वर गेला की स्वतंत्र मुख्याध्यापक. समजा, एका मराठी शाळेचा पट ६१ आहे. पाच इयत्ता, तीन शिक्षक. जूनमध्ये एका इमारतीचा पुनर्विकास सुरू होतो आणि दोन भावंडे दाखला घेऊन डोंबिवलीला जातात. पट ५९. एक शिक्षक अतिरिक्त. उरलेले दोघे पाच इयत्ता वाटून घेतात. एक जण एकाच वेळी पहिलीला अक्षरे गिरवायला देतो आणि तिसरीला पाढे म्हणायला लावतो. त्यात जनगणना, मतदारयादी, निवडणूक अशी कामे आली की एकच माणूस उरतो. पालक दारातून हे पाहतो आणि पुढच्या वर्षी धाकट्याला दुसरीकडे घालतो. म्हणजे पट कमी म्हणून शिक्षक कमी, आणि शिक्षक कमी म्हणून पट आणखी कमी. कायद्याने हे प्रमाण किमान म्हणून सांगितले होते. हिशेब करणाऱ्यांनी ते कमाल मानले. १५ मार्च २०२४ च्या शासननिर्णयाने राज्यात नवे पद मिळायला लागणारा पट आणखी वर नेला.

याच कायद्यातले २५ टक्क्यांचे कलम उलट्या दिशेने चालते. खाजगी विनाअनुदानित शाळेतल्या पहिल्या वर्गाच्या पाव जागा दुर्बल आणि वंचित घटकांना द्यायच्या, शुल्काची भरपाई सरकार करणार. भरपाई थकते म्हणून शाळा ओरडतात. पालिकेचा पट त्यामुळे आणखी फुटतो, असे शिक्षक म्हणतात. ९ फेब्रुवारी २०२४ रोजी राज्याने अधिसूचना काढली, की सरकारी किंवा अनुदानित शाळा एक किलोमीटरच्या आत असेल तर खाजगी शाळेला ही सक्ती नाही. हा एक किलोमीटर कॉटन ग्रीन स्टेशनवरून मोजून पाहावा. काळाचौकी, घोडपदेव, शिवडी, लालबाग, कुठल्याही दिशेने निघाले तरी पालिकेची नाही तर अनुदानित शाळा लागतेच. बेट मुंबईत त्या अधिसूचनेने हे कलम जवळजवळ पुसले गेले असते. उच्च न्यायालयाने मे २०२४ मध्ये तिला स्थगिती दिली आणि १९ जुलैला ती रद्द केली. गरिबाचे मूल सरकारी शाळेतच गेले पाहिजे, हे वाक्य शाळा वाचवण्यासाठीही म्हणता येते आणि खाजगी शाळांना सूट देण्यासाठीही.

२०२५ मध्ये भाषेचा वाद पुन्हा पेटला, पण वेगळ्या तोंडाने. १६ एप्रिलच्या शासननिर्णयाने पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा सक्तीची केली, १७ जूनला त्यात फेरफार झाला, २९ जूनला दोन्ही निर्णय मागे घेऊन डॉ. नरेंद्र जाधव समिती नेमण्यात आली. ५ जुलैला वरळीत उद्धव आणि राज ठाकरे अनेक वर्षांनी एका व्यासपीठावर आले. सहा वर्षांच्या मुलाला तीन भाषा पेलतील का, हा शैक्षणिक प्रश्न त्या दिवशीच्या गर्दीत मागे पडला. मुंबईतल्या मराठी शाळांच्या संख्येची गोष्टही त्या दोन महिन्यांत फार थोड्यांनी काढली.

हे सगळे ठरवतो कोण? पालिकेत शिक्षण समिती असते. नगरसेवकांबरोबर काही बाहेरचे जाणकारही तिच्यावर असतात. ७ मार्च २०२२ रोजी सभागृहाची मुदत संपली आणि साडेतीन वर्षांहून अधिक काळ समितीही नव्हती. शाळा प्रशासकाच्या सहीने चालल्या. नगरसेवकाची शाळेतली लुडबुड हा पूर्वी चेष्टेचा विषय असे. पण शाळेची गळकी गच्ची दाखवायला पालक ज्याच्या दारात जाऊ शकत होता तो माणूसही त्याबरोबर गेला. पैशाची ओरड म्हणावी तर २०२५-२६ चा पालिकेचा शिक्षण अर्थसंकल्प ३,९५५ कोटी रुपयांचा होता. मालमत्ता कराच्या बिलात पालिकेचा शिक्षण उपकर वेगळा आणि राज्याचा वेगळा असतो. ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना २०२२ मध्ये हा कर माफ झाला, त्यामुळे चाळीतून पुनर्विकासात गेलेल्या अनेकांना ते बिल येत नाही. प्राथमिक शिक्षणावरच्या खर्चातला राज्याचा वाटा थकल्याची तक्रार पालिका दरवर्षी करते.

पट वाढवण्यासाठी २०२२ च्या उन्हाळ्यात पालिकेने ‘मिशन अ‍ॅडमिशन, एकच लक्ष्य एक लक्ष’ ही मोहीम काढली आणि लाखावर नवे प्रवेश झाल्याचे जाहीर केले. शिक्षक अर्ज घेऊन चाळीचाळींतून फिरले, तळमजल्यापासून वरच्या मजल्यापर्यंत. सक्तीच्या कायद्याने १९२५ मध्ये जी दारे ठोठावायला लावली, त्यांतली काही तीच असतील. तेव्हा पालकाला दंडाची भीती घालता येत होती. आता टॅब, सत्तावीस वस्तू आणि सेमी इंग्रजी सांगावी लागते.

पट भरतो जूनमध्ये, पण संचमान्यतेसाठी धरला जातो तो ३० सप्टेंबरचा, आणि राज्याच्या नियमाप्रमाणे त्यातही ज्यांचे आधार पडताळून झाले तेवढीच मुले मोजली जातात. स्थलांतरित घरातल्या मुलाच्या नावाचे स्पेलिंग आधारवर एक आणि शाळेच्या दाखल्यावर दुसरे असते, जन्मतारीख एका दिवसाने चुकलेली असते. ते मूल रोज येते, बाकावर बसते, खिचडी खाते, हजेरीला ‘हजर’ म्हणते. दुरुस्ती केंद्राची रांग संपेपर्यंत शिक्षकांच्या हिशेबात मात्र ते धरले जात नाही. म्हणून सप्टेंबर उजाडला की अनेक शाळांत एखादे गुरुजी वर्ग सोडून संगणकासमोर बसलेले असतात, नावातली अक्षरे जुळवीत.